विद्यार्थी निसर्गमार्गदर्शक : उद्यानातील उपक्रम आणि आपला किनारा

वनोद्यान, अभयारण्य किंवा समुद्रकिनारा पाहावयास येणाऱ्या मनुष्यास तेथे पाहण्यासारखे पुष्कळ असते. परंतु ते पाहावे कसे, हे सांगणारे कोणी त्यास भेटत नाही. तो सावलीत बसतो, शिदोरी सोडतो, छायाचित्रे काढतो आणि परत जातो. ज्या दगडावर तो बसला त्याच्या खालच्या ओलाव्यात कोणाचा संसार चालला होता, ज्या झाडाखाली तो जेवला त्या झाडावर कोणाचे घरटे होते, याची त्यास गंधवार्ताही नसते. त्याचा यात दोष नाही. डोळे सर्वांस असतात. पाहावयास मात्र कोणीतरी शिकवावे लागते.

ही उणीव भरून काढण्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी स्वयंसेवक म्हणून पुढे यावे, त्या त्या ठिकाणच्या प्राणिजीवनाचा थोडा परंतु पक्का अभ्यास करावा आणि येणाऱ्या पाहुण्यांस तो परिसर समजावून द्यावा, असा एक उपक्रम निरनिराळ्या देशांत व आपल्या राज्यातही रूढ झाला आहे. वरवर पाहता हा विषय शहरांतील उद्यानांचा व महाविद्यालयांचा वाटेल. तथापि डहाणू तालुक्यातील वरोरसारख्या किनाऱ्यावरील गावच्या शाळेशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. तो संबंध कोणता आणि प्राथमिक शिक्षकांस त्यात काय करता येईल, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

उपक्रमाचा उगम

उद्यानात येणाऱ्या सामान्य माणसास निसर्गाची माहिती विनामूल्य देण्याची पद्धतशीर योजना अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९२० साली सुरू झाली. हॅरॉल्ड ब्रायंट व लॉय मिलर या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी तेथे पाहुण्यांबरोबर पायवाटेने चालत जाऊन पक्षी, वृक्ष व खडक यांविषयी सांगण्यास आरंभ केला. पुढे १९५५ साली एलिझाबेथ कुशमन या विद्यार्थिनीने व्हॅसार महाविद्यालयातील आपल्या प्रबंधात असे सुचविले की, राष्ट्रीय उद्यानांस मनुष्यबळ अपुरे पडते आणि विद्यार्थ्यांस सुट्टीत उपयुक्त काम हवे असते. तेव्हा या दोहोंची गाठ घालून द्यावी. दोनच वर्षांनी, म्हणजे १९५७ साली, विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकड्या दोन राष्ट्रीय उद्यानांत कामास लागल्या. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून उभी राहिलेली ती संघटना आजही कार्य करीत आहे.

आपल्याकडेही या कामाची एक लक्षणीय आठवण आहे. ज्यांस पुढे सारे जग पक्षितज्ज्ञ म्हणून ओळखू लागले, ते डॉ. सलीम अली १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाच्या नव्याने उघडलेल्या निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याते म्हणून नेमले गेले होते. या संस्थेस आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे नाव आहे. काचेच्या कपाटापुढे उभ्या राहिलेल्या माणसास पक्ष्याविषयी सांगणे, हे त्यांचे आरंभीच्या काळातील काम होते. सामान्य पाहुण्याशी बोलण्याचे काम विद्वत्तेस कमीपणा आणणारे नाही, एवढे यावरून ध्यानी यावे.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या सेवाकार्यास आपल्या देशात निश्चित स्वरूप मिळाले ते २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेमुळे. या योजनेतील विद्यार्थ्याने वर्षास १२० तास व दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करावयाची असते; शिवाय सात दिवसांचे निवासी शिबिर असते आणि ते बहुधा एखाद्या गावी भरते. रस्ता दुरुस्त करणे, झाडे लावणे, स्वच्छता करणे ही कामे या तासांत होतातच. परिसरातील प्राणिजीवनाची ओळख पाहुण्यांस करून देणे हेही त्याच तोलाचे सेवाकार्य आहे, ही गोष्ट मात्र अद्याप पुरेशी ध्यानात आलेली नाही.

बोरिवलीच्या उद्यानाचे उदाहरण

या कामाने नेमके काय साधते, हे पाहावयाचे तर मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण घ्यावे. सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्राचे हे अरण्य बोरिवली ते ठाणे यांच्या दरम्यान पसरलेले असून त्याच्या चहूबाजूंस दाट मानवी वस्ती आहे. तुळशी व विहार ही शहरास पाणी पुरविणारी जलाशये याच परिसरात आहेत आणि कान्हेरीची लेणीही येथेच आहेत. या अरण्यात बिबटे राहतात. निकित सुर्वे यांनी २०१५ साली स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात उद्यान व लगतचा परिसर मिळून ३५ बिबट्यांची नोंद झाली.

२००२ ते २००४ या काळात या उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्यांचे अनेक हल्ले झाले आणि माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बालकेही होती. लोक भयभीत झाले व सर्वत्र एकच मागणी ऐकू येऊ लागली, ती म्हणजे पिंजरे लावा. मागणी स्वाभाविक होती. परंतु तिचा परिणाम उलटा होतो, असे अभ्यासान्ती दिसून आले. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर वनविभागातील नोंदी तपासून २०११ साली असे दाखवून दिले की, १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ होती. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यास प्रारंभ झाल्यानंतर २००१ ते २००३ या काळात ती १७ वर गेली. असे का व्हावे? बिबट्याची स्वतःची हद्द ठरलेली असते. तो तेथून नेला की ती हद्द रिकामी पडते व दुसरा बिबट्या तेथे येतो. नेलेला बिबट्या अनोळखी मुलखात, माणसांविषयीची धास्ती मनात घेऊन, भरकटत राहतो. आपण एका गावचे संकट उचलून दुसऱ्या गावी नेऊन ठेवतो आणि पहिल्या गावासही निर्धास्त करीत नाही.

ही गोष्ट शास्त्रज्ञांस समजली एवढ्याने भागण्यासारखे नव्हते. ती चाळीत राहणाऱ्या माउलीस, पहारेकऱ्यास, पोलिसास व वार्ताहरास समजणे अवश्य होते. २०११ साली वनविभाग, संशोधक व नागरिक यांनी मिळून त्यासाठी 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या नावाने कार्य हाती घेतले. स्वयंसेवकांनी वस्त्यांत जाऊन साध्या गोष्टी सांगितल्या. उघड्यावरील कचऱ्यामुळे भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. म्हणून कचरा उचलावा. सांजवेळी लहान मुलांस एकटे बाहेर पाठवू नये. शौचास जाण्याच्या वाटेवर दिवा असावा. बिबट्या दिसल्यास त्याच्याभोवती गर्दी करू नये. त्यास निघून जाण्यास वाट द्यावी. यात अवघड असे काही नाही. परंतु ही चार वाक्ये योग्य वेळी योग्य माणसाच्या कानी पडली, तर एखाद्या मुलाचा प्राण वाचतो. यानंतर हल्ले कायमचे थांबले असे नव्हे. २०२१ व २०२२ साली आरे वसाहतीत पुन्हा दुःखद घटना घडल्या. यावरून हे काम एकदा करून संपणारे नाही, दर पिढीस व दर नव्या रहिवाशास ते नव्याने सांगावे लागते, हाच बोध घ्यावयाचा.

बिबट्याविषयीचे हे शहाणपण आपल्या जिल्ह्यास परके नाही. वारली बांधव वाघोबाची पूजा करतात व वाघबारस पाळतात. मुंबई, ठाणे व पालघर या भागांत वाघोबाची दीडशेच्या आसपास स्थाने असल्याचे संशोधकांनी नोंदविले आहे. हिंस्र प्राणी आपल्या शेजारी राहणार, हे मान्य करून त्याच्याशी मर्यादेने वागावयाचे, ही त्या श्रद्धेतील व्यवहारी बाजू होय. शहरातील स्वयंसेवकाने नव्या भाषेत जे सांगितले, त्याचा गाभा आपल्या पाड्यांवर पूर्वीपासून होता.

याच उद्यानालगत, गोरेगावच्या चित्रनगरीशेजारी, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेचे निसर्गशिक्षण केंद्र १९९३ पासून कार्य करीत आहे. विद्यार्थी व कुटुंबे तेथे येतात, पायवाटेने फिरतात, फुलपाखरे व कोळी पाहतात. निसर्गाची आवड असलेल्या तरुणांस तेथे पाहण्याचे व दाखविण्याचे शिक्षण मिळते.

समुद्र हेही उद्यानच

उद्यान म्हटले की कुंपण, फाटक व झाडे डोळ्यांसमोर येतात. परंतु ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा किनारा हेही एक उद्यानच असून त्यास फाटक नाही व तिकीट नाही. मुंबईतील काही निसर्गप्रेमींनी २०१७ साली 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नावाने किनाऱ्यावरील फेऱ्या सुरू केल्या. गिरगाव, हाजी अली, जुहू अशा ठिकाणी, जेथे लोक वर्षानुवर्षे भेळ खाण्यास व वारा घेण्यास जात आले, तेथेच खडकांच्या डबक्यांत समुद्रपुष्पे, खेकडे, शंखांचे प्राणी, प्रवाळ व अष्टभुज राहतात, हे त्यांनी लोकांस दाखविले. शहरातील माणसास आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर एवढे जीवन आहे, याचा पत्ताच नव्हता. या फेऱ्यांत स्वयंसेवक लहान गटांस बरोबर नेतात, प्राण्यास उचलीत नाहीत आणि दिसलेल्या प्रत्येक प्राण्याची छायाचित्रासह नोंद करतात. अशा शेकडो जातींच्या नोंदी आज सर्वांस पाहावयास खुल्या आहेत.

अज्ञानाची किंमत समुद्रावरही द्यावी लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे दिसणारे विषारी प्राणी मोठ्या संख्येने वाहून आले आणि अनेक लोकांस त्यांचा दंश झाला. निळ्या बाटल्या म्हणून कोळी लोक त्यांस ओळखतात व त्यांच्या वाटेस जात नाहीत. पाहुण्यास मात्र ते प्लास्टिकचे सुंदर खेळणे वाटते. पावसाळ्यात किनाऱ्यावर उभा असलेला एक जाणता विद्यार्थी अशा वेळी औषधाच्या पेटीहून अधिक उपयोगी पडतो.

मार्गदर्शकाने काय करावे

या कामात नवखा विद्यार्थी बहुधा एक चूक करतो. तो पुस्तकातील माहिती पाठ करून येतो व ती पाहुण्यांपुढे म्हणून दाखवितो. पाहुणा मान डोलावतो आणि विसरतो. ज्याने वर्गात शिकविले आहे त्यास हे सांगावयास नको. म्हणून या कामाचे मुख्य सूत्र असे : आधी दाखवावे, मग विचारावे, शेवटी सांगावे.

वानगीदाखल एक प्रसंग घेऊ. किनाऱ्यावर आलेल्या एखाद्या बाईंनी सुंदर शंख उचलला आहे व त्या विचारतात, "हा घरी न्यावयास चालेल ना?" येथे "शंख नेण्यास मनाई आहे" असे विद्यार्थ्याने म्हटल्यास बाई शंख टाकून देतील, परंतु मनातून रुष्ट होतील. त्याऐवजी त्याने म्हणावे, "काकू, जरा तळहातावर न हलविता धरून पाहू या." क्षणभराने शंखाच्या तोंडातून दोन बारीक डोळे व पाय बाहेर येतात. "हा खेकडा आहे. याचे पोट मऊ असते, त्यावर कवच नसते. म्हणून तो मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधून त्यात राहतो. अंगाने वाढला की हे घर अपुरे पडते व त्यास दुसरे मोठे घर शोधावे लागते." बाई लगेच विचारतील, "मग रिकामे शंख लोकांनी नेले तर हा राहील कोठे?" हा प्रश्न त्यांच्याच तोंडून निघाला पाहिजे. तो निघाला की शंख आपोआप खाली ठेवला जातो आणि पुन्हा कधी उचलला जात नाही.

या सूत्राबरोबर पुढील चार नियम पाळावे.

१. नाव आधी आपल्या भाषेत सांगावे. निवटी, कालवे, तिवर, चिखल्या, कुरव ही नावे किनाऱ्यावरील माणसांनी शतकानुशतके पाहून ठेवलेली आहेत. शास्त्रीय नाव मागाहून सांगता येते. स्थानिक नावात पुष्कळदा प्राण्याचा स्वभावच सांगितलेला असतो.

२. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावे. "हे मला माहीत नाही, पाहून सांगतो" असे म्हणणाऱ्या मार्गदर्शकावर पाहुण्याचा विश्वास बसतो. मनास येईल ते ठोकून देणाऱ्याचे एक वाक्य खोटे ठरले की शंभर खरी वाक्ये वाया जातात.

३. प्राण्याची सोय आधी, पाहुण्याची मागाहून. दगड उलटला तर तो जसा होता तसाच, त्याच बाजूने, अलगद परत ठेवावा. कारण दगडाच्या खालच्या अंगास चिकटलेले जीव उन्हात अल्पावकाशात मरतात. घरट्याजवळ गर्दी नेऊ नये. कोणताही प्राणी छायाचित्रासाठी हातात धरू नये.

४. थोडे दाखवावे. तासाभरात पाच प्राणी नीट पाहिले तर पुरे. पंचवीस नावे ऐकून पाहुण्याच्या हाती काही राहत नाही.

वरोरचा किनारा

आता आपल्या घराकडे वळू. केंद्र शासनाने २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ साली तालुक्याच्या पर्यावरण रक्षणासाठी एक प्राधिकरणही नेमले गेले. याचा अर्थ असा की, आपण ज्या भूमीवर शाळा चालवितो ती देशाने जपण्यायोग्य मानलेली आहे. वरोर व लगतचे वाढवण या परिसरात ओहोटीच्या वेळी खडकांचा विस्तृत पट्टा उघडा पडतो. लांबच्या पाहुण्यास तो काळपट, निसरडा व निर्जीव दिसतो. येथील मच्छीमार बंधुभगिनींस मात्र त्या पट्ट्यातील डबकी व फटी घराच्या ओसरीसारख्या परिचयाच्या असतात.

या किनाऱ्यावर दाखविण्याजोग्या गोष्टी सांगावयाच्या तर पुढील चार आरंभास पुरेशा आहेत.

खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ही मासळीच आहे. पण ती पाण्याबाहेर राहू शकते. कल्ल्यांच्या पोकळीत ती पाणी साठवून ठेवते व ओल्या कातडीतूनही श्वास घेते. म्हणूनच ती वारंवार चिखलात लोळते. पुढच्या परांचा ती पायांसारखा उपयोग करते. मासा पाण्याबाहेर जगत नाही, असे पुस्तकात वाचलेल्या मुलास निवटी दाखविणे म्हणजे अपवादातून नियम शिकविणे होय.

तिवराचे झाड खाऱ्या पाण्यात उभे राहते. मुळांस हवा मिळावी म्हणून त्याची श्वसनमुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात. शरीरातील जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. कोरड्या दिवशी सकाळी तिवराचे पान जिभेस लावून पाहावे. खारट चव लागते. हा प्रयोग करण्यास साहित्य लागत नाही. तिवर, कांदळ, चिपी यांच्या मुळांत कोळंबीची व माशांची पिल्ले वाढतात, हे सांगितले की झाडाचा व कोळ्याच्या ताटाचा संबंध मुलास कळतो. पांढऱ्या चिपीस महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्य कांदळवृक्ष म्हणून मान दिला आहे, हेही सांगावे.

चिखल्या व तुतारी हे लहान पक्षी पावसाळा सरता सरता उत्तरेकडील थंड प्रदेशांतून येतात व उन्हाळ्याच्या तोंडी परत जातात. ओहोटीच्या पाण्याच्या कडेने ते धावताना दिसतात. हजारो कोस उडून आलेल्या या पाहुण्यांस पोटभर खाऊनच परतीच्या प्रवासास निघावयाचे असते. मोटारगाडी वाळूवर दामटणारा किंवा कुत्रे मागे सोडणारा मनुष्य त्यांचे जेवण मोडतो.

सागरी कासवे या किनाऱ्यावर विशेषतः पावसाळ्यात जखमी अवस्थेत वाहून येतात. त्यांच्यावर उपचार करणारे केंद्र डहाणू येथेच आहे. जखमी कासव सापडल्यास दयेने पुन्हा समुद्रात ढकलू नये. अशक्त कासव लाटांत तग धरीत नाही. त्यास सावलीत ठेवावे, गर्दी हटवावी व वनविभागास १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. जाळ्यात सापडलेले कासव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने २०१८ च्या अखेरीस सुरू केली. ही माहिती प्रत्येक नावेपर्यंत पोहोचविणे हे सुद्धा मार्गदर्शकाचेच काम आहे.

वाढवण येथील नियोजित मोठ्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्याविषयी किनाऱ्यावरील गावांत तीव्र भावना आहेत व मतभेदही आहेत. त्यांचा निर्णय शाळेच्या वर्गात व्हावयाचा नाही आणि होऊ नये. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. येत्या काळात हा किनारा पूर्वीसारखा राहणार नाही. अशा वेळी आज येथे काय आहे, कोणता जीव कोठे दिसतो, कोणत्या महिन्यात दिसतो, याची प्रामाणिक नोंद असणे सर्वांच्याच हिताचे आहे. ज्याची नोंद नाही, त्याचे जाणे कोणाच्या ध्यानीही येत नाही. शाळेतील वही व विद्यार्थ्याचे डोळे यांनी ही नोंद ठेवता येते.

शिक्षकांनी करावयाची योजना

आपल्या शाळेतून गेलेली मुले आज चिंचणी, बोर्डी, डहाणू, पालघर येथील महाविद्यालयांत शिकत आहेत. सुट्टीत ती घरी येतात. तीच आपल्या किनाऱ्याचे पहिले मार्गदर्शक होत. बाहेरून आलेला तज्ज्ञ दोन दिवस राहून जातो. गावच्या मुलास वाटा, वारे व भरतीची वेळ अंगवळणी पडलेली असते. त्यास फक्त थोड्या अभ्यासाची व थोड्या आत्मविश्वासाची गरज असते.

प्रथम अशा चार-सहा माजी विद्यार्थ्यांस शाळेत बोलवावे. शक्य झाल्यास महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यास पत्र लिहून हे काम त्यांच्या सेवेच्या तासांत धरण्याची विनंती करावी. मग गावातील एखाद्या अनुभवी मच्छीमार आजीस किंवा बाबांस शाळेत सन्मानाने बोलावून किनाऱ्यावरील प्राण्यांची नावे व सवयी त्यांच्याकडून ऐकाव्या आणि लिहून घ्याव्या. विद्यार्थ्याने ती पुस्तकाशी पडताळून पाहावी. या क्रमात एक फायदा असा की, आपल्या आजीचे ज्ञान हे ज्ञान आहे, हे महाविद्यालयात जाणाऱ्या मुलास कळते.

फेरीची वेळ ठरविण्यास पंचांग व पाऊणकी पुरते. तिथीच्या अंकास पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजी वेळ निघते. वानगीदाखल तृतीया घेतली तर ३ गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन. दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती पूर्ण होते. भरती व ओहोटी यांत सुमारे सव्वासहा तासांचे अंतर असते. म्हणजे त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास ओहोटी पूर्ण झालेली असेल. वेळ अर्धापाऊण तास मागेपुढे होते. म्हणून ती गावातील मच्छीमारांकडून पडताळून घ्यावी. पौर्णिमा व अमावस्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेस उधाणाचे पाणी फार दूरवर ओसरते व सकाळची वेळही सोयीची मिळते. पाऊणकीचे हे गणित चौथीच्या मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावे. पाढे कशासाठी पाठ करावयाचे, हा प्रश्न ती पुन्हा विचारणार नाहीत.

पहिल्या दोन फेऱ्या शाळेच्या मुलांसाठीच काढाव्या. मुले हे सर्वांत कठोर परीक्षक असतात. त्यांस कंटाळा आला तर ती लपवीत नाहीत. त्यानंतर १ ते ७ ऑक्टोबर या वन्यजीव सप्ताहात पालकांस व बाहेरून किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांस बोलवावे. दर फेरीनंतर तारीख, तिथी, वेळ, हवामान, दिसलेले प्राणी व त्यांची अंदाजी संख्या एका जाड वहीत लिहावी. वही शाळेत राहावी. विद्यार्थी बदलले तरी वही चालू राहावी.

सावधगिरी

पाणी पूर्ण ओसरण्याच्या तासभर आधी फेरी सुरू करावी व पाणी फिरताच किनाऱ्याकडे निघावे. दहा मुलांमागे एक मोठा माणूस असावा. पायांत पक्की पादत्राणे असावी, कारण कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख, पाकट व निळ्या बाटल्या यांस हात लावू नये. पावसाळ्यात खडकांवर फेरी काढू नये. प्रवाळ, समुद्रघोडे व काही जातींचे शंख यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे. शाळेच्या संग्रहासाठी सुद्धा ते गोळा करू नयेत. शाळेचा संग्रह चित्रांचा व नोंदींचा असावा.

आपल्याच तालुक्याची परंपरा

हे सर्व नवे आहे असे मानण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे जे काम आरंभिले व जे पुढे कोसबाडच्या टेकडीवर बहरले, त्यात कुरणशाळा नावाचा एक प्रयोग होता. गुरे राखावयास जाणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. तेव्हा शाळाच कुरणात गेली. मूल जेथे आहे आणि विषय जेथे आहे तेथे शिक्षकाने जावे, हे तत्त्व डहाणू तालुक्याने महाराष्ट्रास दिले. किनाऱ्यावरील फेरी ही त्याच तत्त्वाची पुढली पायरी आहे. फरक इतकाच की, कुरणशाळेत शिकणारे मूल येथे मोठे होऊन स्वतः शिकवावयास उभे राहते.

दूरच्या अरण्यातील वाघाविषयी आपल्या मुलांस थोडेबहुत ठाऊक असते. चित्रांच्या पुस्तकाने ते काम केले आहे. दारातल्या निवटीविषयी कोणत्याही पुस्तकाने सांगितलेले नाही. ते काम आपले आहे. येत्या सुट्टीत एक माजी विद्यार्थी, एक जाणती आजी आणि एक कोरी वही एवढे जमविले, तरी आरंभास ते पुरेसे होईल.